घंटा होईपर्यंत

कलम ४. संध्याकाळी अभ्यासाच्या तासात घरातील किमान एक पालक निवळ लावून पाल्याजवळ बसेल. त्या वेळी घरात कोणीही आवाज चढवणार नाही.

म्हणून सुहास डुबल रोज संध्याकाळी गॅलरीत बसायचा.

त्याचा आवाजच तसा होता. दिवसा पंपांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी आणि रविवारी मैदानावर कबड्डीच्या पोरांशी बोलून बोलून तो इतका रुंदावला होता, की त्याने "मीठ दे" म्हटलं तर शेजारच्या घरातून मीठ यावं. त्याच्या सातवीतल्या मुलीच्या, ऋजुताच्या कानात बसवलेल्या यंत्राला, निवळला, ती धमकी वाटायची. मग तिच्या आईच्या, प्रणिताच्या फोनवर शाळेचा अतिशय नम्र संदेश यायचा. असे काही संदेश झाल्यावर सुहासने स्वतःच खुर्ची उचलली.

"मी बाहेर बसतो," तो म्हणाला. "तुम्ही दोघी निवळा."

विनोद चांगला आहे, हे प्रणिताला कळलं. हसू आलं नाही.

गॅलरीत बसून तो आवाज बंद करून फोनवर मॅच बघायचा. विकेट पडली की खुर्ची करकरायची, तेवढंच.

कलम ५. पालकांनी पाल्याशी रोज मोकळा संवाद साधावा. सुरुवात खुल्या प्रश्नाने करावी.

"आज शाळेत काय झालं?"

"काही नाही."

"आज शाळेत काय झालं?"

"काही नाही."

"आज शाळेत काय झालं?"

"विज्ञानाचा पेपर मिळाला. पैकीच्या पैकी."

"अरे वा. आणखी?"

"काही नाही."

यात कुणी संशय घ्यावा असं काय होतं? पोरं हेच सांगतात. सुहासनेही आपल्या आईला वर्षानुवर्षं हेच सांगितलं होतं. फक्त त्याच्या 'काही नाही'च्या मागे फुटलेली खिडकी असायची, कुणाशी तरी घेतलेली कट्टी असायची, मास्तरांनी पिळलेला कान असायचा. ऋजुताच्या 'काही नाही'च्या मागे खरोखरच काही नव्हतं. शब्द तेच होते, म्हणून फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

कलम १. उद्देश.

उद्देश एका जिन्यात जन्मला.

ऋजुता पाचवीत होती तेव्हा मधल्या सुट्टीत कुणीतरी ओरडलं, की वरच्या मजल्यावर वायरिंग पेटलंय. पाचवी ते आठवीचे सगळे वर्ग एकाच जिन्यावर आले. वायरिंग पेटलं नव्हतं. एका मुलाने शिक्षकांच्या खोलीतल्या टोस्टरचा धूर पाहिला होता, एवढंच. पण भीतीला खऱ्या आगीची गरज नसते. पुढचा पळाला म्हणून मागचा पळाला, आणि जिन्याच्या वळणावर मुलांवर मुलं पडली. ऋजुताचं गळ्याखालचं हाड मोडलं. आठवीतला एक मुलगा अजून काठी घेऊन चालतो.

पालकसभेत सगळे एकदम बोलत होते. त्यात प्रणिता उठली आणि म्हणाली, "मला माझी मुलगी घाबरलेली नको आहे. पुन्हा कधीच नको." सभा शांत झाली. ठरावात ते वाक्य जवळजवळ तसंच उतरलं.

यंत्र घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एका मुलाचं डोकं दाखवलं. मेंदूपासून छातीतून थेट पोटापर्यंत एक लांब मज्जातंतू उतरतो, त्या म्हणाल्या. हृदयाला, श्वासाला तो सांगतो, की सगळं ठीक आहे, सावकाश चला. या मज्जातंतूची एकच फांदी कातडीच्या इतकी जवळ येते की बाहेरून तिला हात घालता येतो. ती कानाच्या खळगीत आहे. आपण तिथे शेंगदाण्याएवढं यंत्र बसवतो. ते मुलाचं हृदय ऐकतं आणि कातडीचा ओलावा मोजतं. भीती चढू लागली की ते त्या फांदीला बारीक, न जाणवणारे झटके देतं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, धोक्याची आरोळी ठोकणारा. तो गप्प बसतो. मुलाला दिसतं सगळं, ऐकू येतं सगळं, गणितं सुटतात, उलट जास्तच सुटतात. फक्त ते घाबरत नाही. आणि एक घाबरला नाही की दुसराही घाबरत नाही.

"कायमचा परिणाम?" कुणीतरी विचारलं.

"काढलं की अर्ध्या तासात मूल पूर्वीसारखं."

नाव प्रणितानेच सुचवलं. ती पाणीपुरवठ्याच्या शुद्धीकरण केंद्रावर केमिस्ट होती. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चहासारखं येतं. त्यात तुरटी घातली की थोड्या वेळात काचेच्या भांड्यापलीकडचं छापील अक्षर वाचता येतं. निवळ, ती म्हणाली. सगळ्यांना आवडलं.

त्यानंतरच्या आगीच्या सरावात मुलं जिन्यावरून ओळीने उतरली. एकही बूट निसटला नाही. खाली उभ्या असलेल्या आया रडल्या. त्यांनी अजून लावलं नव्हतं.

प्रणिताने लावलं ते कलम चारपुरतं, अभ्यासाच्या तासापुरतं. पण काढलं की अर्ध्या तासाने, स्वतः कधी न ऐकलेला, जिन्यातला हाड मोडल्याचा आवाज कानात यायचा. न काढणं सोपं होतं. हळूहळू ते कामावरही राहिलं, आणि झोपतानाही.

कलम ९. पाल्याच्या शरीरावर खूण आढळल्यास पालकांनी शांतपणे चौकशी करावी.

खुणा ऋजुताच्या डाव्या हातावर होत्या, कोपराच्या आतल्या बाजूला. बारीक गोल ठिपके, काही जुने, काही ओले. ओळीत, नीटनेटके.

"हे काय गं?"

"काही नाही. खेळ आहे."

"कसला?"

"समोरासमोर बसायचं. एकमेकींच्या हातावर कर्कटक टेकवायचं आणि दाबायचं. जी आधी हात काढेल ती आउट."

"मग कोण काढतं?"

ऋजुताने थोडा विचार केला. "कुणीच नाही."

"मग?"

"मग घंटा होते. ड्रॉ. ड्रॉ झाला की पुढच्या सुट्टीत परत."

"दुखत नाही?"

"दुखतं की."

"मग काढावासा वाटत नाही हात?"

"का?" ऋजुताने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

प्रणिताने पिवळं मलम आणलं आणि एकेका ठिपक्याला लावलं. काहीतरी फार वाईट आहे, हे तिला नकाशावर एखादं गाव दिसावं तसं दिसत होतं. तिथे जायचा रस्ता मात्र नव्हता.

"कुणाबरोबर खेळतेस?"

"सगळे खेळतात. मी शर्वरीबरोबर."

शर्वरी समोरच्या इमारतीत राहायची. मधे फक्त स्कूटर लावायची गल्ली. दोघींच्या गॅलऱ्या समोरासमोर होत्या.

सुहासने हात पाहिला आणि त्याचा चेहरा लाल झाला. "उद्या मी शाळेत येतो," तो म्हणाला. तेवढ्याने फोनवर संदेश आला.

कलम ७. शालेय आवारात प्रवेश करणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने प्रवेशद्वारावर पाहुण्यांसाठीचे निवळ लावणे आवश्यक आहे.

वाटेत सुहासने काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. स्कूटर चालवताना तो इतका मोठ्याने बोलत होता की सिग्नलला शेजारचा माणूस म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, पण हिरवा झालाय."

गेटवर शिपाईमामांनी दोघांच्या कानांकडे पाहिलं. प्रणिताचं होतंच. सुहासला त्यांनी डबीतून एक काढून, पुसून दिलं.

घोरपडे सर सुरक्षा समन्वयक होते. पन्नाशीचे, स्वच्छ शर्ट, कानात शेंगदाणा. त्यांनी चहा मागवला.

"हातावर खुणा आहेत, सर," प्रणिता म्हणाली.

"हो, दिसतायत."

"बऱ्याच मुलांच्या असतील."

"असतील." त्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही ऋजुताची गेल्या महिन्याची भीतीची रेषा. बघा."

_______________________________________________

"मॅडम, काही झालं असतं तर इथे उमटलं असतं."

"म्हणजे काही झालं नाही?"

"मी तसं म्हणत नाही. उमटलं नाही, एवढंच म्हणतो." ते खिडकीबाहेर बघू लागले. मैदानावर मुलं खेळत होती. आरडाओरडा नव्हता. "पूर्वी या खोलीत रोज कुणीतरी रडत असायचं हो. मी घरी जाऊन जेवायचो नाही. आता जेवतो."

"ते चांगलं आहे," सुहास म्हणाला. मृदू, मध्यम आवाजात. प्रणिताने हा आवाज कधीच ऐकला नव्हता.

"कर्कटक बंद करू," सर म्हणाले. "कलम घालतो."

चहा चांगला होता. गेटवर सुहासने निवळ परत दिलं, आभार मानले, स्कूटर सुरू केली. "सर सज्जन आहेत," तो म्हणाला.

कृष्णेच्या पुलावर आल्यावर त्याने स्कूटर कडेला घेतली आणि तो कठड्याला हात टेकून उभा राहिला.

"मी भांडायला गेलो होतो," तो म्हणाला. "प्रणी, मी त्याला हलवून विचारणार होतो. आणि मी चहाला छान म्हणून आलो."

"परत गेलास तरी परत लावतील."

"काढून टाकू तिचं. नाव काढू शाळेतून. दुसरीकडे घालू."

"दुसरीकडेही जिने आहेत, सुहास."

"पोरीच्या हाताला भोकं पडलीत आणि तू जिना सांगतेस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो बरोबर बोलत असावा. तिने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या, मोडलेलं हाड इकडे, ठिपके तिकडे. ठिपके हलके भरले. "नको," ती म्हणाली. "राहू दे."

सुहास घरी पोचेपर्यंत बोलला नाही. मोठा आवाज असलेल्या माणसाचं न बोलणंही मोठं असतं. ते तिला ऐकू आलं, फक्त टोचलं नाही.

कलम ११ (नव्याने समाविष्ट). कर्कटक व इतर टोकदार साधने शाळेत आणू नयेत.

केंद्रावर त्या दिवसांत पाणी गढूळ होतं. प्रणिताने रोजच्यासारखी सहा भांडी मांडली, प्रत्येकात थोडी थोडी जास्त तुरटी. पाती फिरली, थांबली. पहिल्या भांड्यात गढूळ, मग कमी, मग स्वच्छ, मग आणखी स्वच्छ. शेवटच्या, सगळ्यात जास्त तुरटीच्या भांड्यात पुन्हा दुधट. हे नेहमीचंच. जास्त झाली की गाळाचे कण पुन्हा एकमेकांना दूर ढकलतात.

टाकीच्या तळाशी गाळाची झडप असते. ती रोज उघडायची, नाहीतर वर स्वच्छ पाणी दिसत राहतं आणि खाली गाळ चढत जातो. निवळणं म्हणजे जाणं नव्हे, ती नव्या मुलांना शिकवायची. खाली बसणं.

झडप उघडताना तिला वाटलं, ऋजुताला कुठे आहे ही? मला कुठे आहे?

विचार नीट, पूर्ण होता. तोही खाली बसला.

कलम ११ (अ). छताचे, गॅलरीचे व जिन्याचे कठडे

(हे कलम अर्धंच राहिलं. मसुदा सुरू होता. मुलांनी कर्कटकाऐवजी काय शोधलं, ते घोरपडे सरांच्या नुकतंच कानावर आलं होतं.)

कलम ५, पुन्हा.

अभ्यासाचा तास संपला होता. ऋजुताने वह्या भरल्या आणि ती म्हणाली, "आई, मी गॅलरीत जाते."

"आज शाळेत काय झालं?"

"काही नाही."

सुहास दूध आणायला खाली गेला होता. सकाळचं उरलेलं दूध प्रणिताने गॅसवर ठेवलं होतं. साय थरथरायला लागली, तेवढ्यात खालून त्याचा आवाज आला. चार मजले चढून, बंद दारातून आत आलेला.

"ऋजू."

मग, "प्रणिता. गॅलरी. प्रणिता."

दूध उतू जाईल, म्हणून तिने आधी गॅस बंद केला. मग हात पुसले. मग ती गॅलरीत गेली. हे सगळं तिला पुढे फार दिवस आठवणार होतं, विशेषतः हात पुसणं.

कोरफडीची कुंडी उचलून खाली कोपऱ्यात नीट ठेवलेली होती. तिच्या जागी, कठड्यावरच्या कडप्प्यावर, ऋजुता उभी होती. पाय जुळवून, हात बाजूला. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर शर्वरी, तशीच. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, वर्गात फळ्याकडे बघावं तशा. मधे, खाली, गल्लीत सुहास हात पसरून उभा होता. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. कुणाच्या खाली उभं राहावं ते त्याला कळत नव्हतं. दुधाची पिशवी फुटून स्कूटरींच्या चाकांखाली पांढरं ओघळत होतं.

"खाली ये, बाळा," प्रणिता म्हणाली.

"शर्वरी नाही उतरली अजून."

प्रणिताने एक हात पुढे केला. ऋजुता कडप्प्यावरून अर्धं पाऊल बाजूला सरकली. "हात लावू नकोस, आई. मी आउट होईन."

"मग उतरणार कधी?"

"घंटा झाल्यावर."

"इथे कुठली घंटा?"

ऋजुताच्या कपाळावर आठी पडली, अवघड उदाहरणावर पडते तशी. "हो की," ती म्हणाली. पण उतरली नाही.

खालून सुहास ओरडत होता. गल्लीतल्या खिडक्या उघडत होत्या. ओरडण्याचा दोघींवर काहीच परिणाम होत नव्हता, आणि प्रणितावरही नाही. तिच्या डोक्यात अगदी स्वच्छ उजेड होता. धरायला गेले तर तोल बाहेर जाईल. बोलून उतरणार नाही. खेळाचा नियम एकच आहे.

ती आत वळली. स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी भिंतीवर देवघर होतं. तिने पितळी घंटा उचलली, गॅलरीत आली आणि शाळा सुटल्यावर वाजते तशी वाजवली. लांब, सलग.

शर्वरी खाली बसली, पाय आत घेतले आणि उतरली. मग ऋजुता उतरली.

"ड्रॉ," ऋजुता म्हणाली.

जिन्यावर पावलं आदळली. सुहास आत आला. ऋजुताला त्याने खांद्याला धरलं, मागे ओढलं. तो दाराच्या चौकटीला धरून तिथेच बसला. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. त्या माणसातून आवाज येत नव्हता.

प्रणिताने त्याचा चेहरा पाहिला. हा चेहरा ती ओळखत होती. जिन्याच्या दिवशी दवाखान्याच्या काचेत तिला तो दिसला होता, स्वतःचा.

तिने कानातून निवळ काढलं आणि कुंडीतल्या मातीत टाकलं.

आधी फक्त कान गार पडला. ती उभी राहिली, घंटा हातात धरून. सुहासने ऋजुताला मांडीवर घेतलं होतं, बारा वर्षांच्या मुलीला, आणि ती अवघडून बसली होती. समोर दिवे लागले. मग तळाची झडप उघडल्यासारखं सगळं एकदम आलं, कडप्पा, ठिपके, पुसलेले हात, जिना, हाड मोडल्याचा तो ओल्या काडीसारखा आवाज. दंड कापायला लागले. मग बोटं.

घंटा वाजायला लागली.

"आई, झाली ना घंटा," ऋजुता म्हणाली. "आता का वाजवतेस?"

प्रणिताने दुसऱ्या हाताने ऋजुताचे केस मागे केले आणि तिच्या कानातलं यंत्र काढलं. आतल्या खोलीत फोन नम्रपणे वाजला. आपल्या पाल्याचे निवळ नियोजित वेळेआधी निघाले आहे. कृपया. तो पुन्हा वाजला. पुन्हा. कुणी उठलं नाही.

तिघंही जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसली. प्रणिताचा हात थांबत नव्हता, म्हणून घंटाही नाही. बारीक, तुटक, कसलाही ताल नसलेली किणकिण.

बऱ्याच वेळाने ऋजुताने कठड्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या कुंडीकडे. मग परत कठड्याकडे, कडप्प्याच्या रुंदीकडे. तिने पाय पोटाशी घेतले. तिचा श्वास छोटा झाला.

"बाबा," ती म्हणाली. "किती खाली आहे ते?"

सुहासने तिला घट्ट धरलं. या वेळी ती अवघडली नाही.

मग तिने मान उंच करून समोर पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. समोरच्या गॅलरीत शर्वरी अजून उभी होती. एकटीच. आतल्या दिव्यात तिच्या कानातला शेंगदाणा चमकत होता. एक तळवा कडप्प्यावर टेकलेला. ती इकडे बघत होती, कान देऊन, शांत. ड्रॉ झाला होता. पुढच्या डावासाठी ती फक्त घंटा संपायची वाट बघत होती.

सुहास उठला आणि धावला. जिन्यावर त्याची पावलं, आणि त्याचा आवाज, शर्वरीच्या आईचं नाव घेणारा, पूर्ण उघडलेला.

प्रणिताची बोटं दमली होती. किणकिण विरळ होत चालली.

ऋजुताने दोन्ही हातांनी आईचं मनगट पकडलं. ती ते हलवू लागली.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "आई, वाजवत राहा. बाबा पोचेपर्यंत वाजवत राहा."